सोसायटीचा हिशेब क्लाउडवर न्यावा का?

दादरकर
आमच्या दादरच्या सोसायटीत पुढच्या सभेत ठराव येतोय : मेंटेनन्सची वसुली, पार्किंग, दुरुस्तीखर्च, सगळं ऑनलाइन शीटवर. आत्तापर्यंत खजिनदार एक्सेलची फाइल मेलने पाठवायचे, सेक्रेटरी आपल्या प्रतीत वेगळी भर घालायचे आणि ऑडिटच्या वेळी खरी फाइल कोणती यावरून वाद. माझा ठरावाला पाठिंबा आहे. क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, प्रत एकच राहते. चौघांनी एकदम लिहिलं तरी प्रत्येकाचा बदल सर्व्हरकडे जातो, तो त्यांचा मेळ घालून सगळ्यांना दाखवतो. कोणता आकडा कुणी, कधी बदलला हेही सापडतं. ही काही कालची टूम नाही. ब्राउझरमध्ये लिहायचं रायटली गूगलने विकत घेतलं २००६ मध्ये, आपल्याकडच्या झोहो कंपनीचं तसंच रायटर त्याच्याही आधी, २००५ मध्ये आलं.

जुना_हिशेबनीस
साफ विरोध. पूर्वी मायक्रोसॉफ्ट ऑफिसची सीडी एकदा विकत घेतली की वर्षानुवर्षं चालायची. २०११ मध्ये ऑफिस ३६५ आलं आणि भाडं सुरू झालं. वर्गणी थकली की फाइल दिसते, पण त्या प्रोग्रॅममध्ये बदलता येत नाही. फुकटची शीट म्हणाल, तर ती कुणाच्या खात्यावर उघडणार? सेक्रेटरींच्याच ना? उद्या ते फ्लॅट विकून डोंबिवलीला गेले, नव्या कमिटीशी बोलणं बंद झालं, तर हिशेब कुणाकडे मागायचा? कपाटातल्या वहीची किल्ली निदान कमिटीकडे असते.

कुर्लेकर
हिशेबनीस काका, २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस. तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसांत पाणी शिरल्यावर कपाट काय आणि कॉम्प्युटर काय!

जुना_हिशेबनीस
तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या घरी एक पेनड्राइव्ह ठेवला असता तरी हिशेब वाचला असता. माझा प्रश्न पावसाचा नाही, ताब्याचा आहे. त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

टायपिंगवाली_ताई
एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटतेय. जुनी सर्क्युलरं आणि इतिवृत्तं बहुतेक ठिकाणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेला कोड देणारी पद्धत). त्यात आत रोमन अक्षरांचे कोड असतात, मराठी दिसते ती फक्त फॉन्टमुळे. तो फॉन्ट नसला की ऑनलाइन नुसता रोमन गिचमिडा उरतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि ओळ न् ओळ तपासा, जोडाक्षरं हमखास बिघडतात. हे काम कुणी धरतच नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.

दादरकर
ताई, हे ठरावात घालतो. आणि काका, ताब्याचा मुद्दा मान्य. खातं सोसायटीच्या नावाने उघडू, पासवर्ड खजिनदार आणि सेक्रेटरी दोघांकडे, कमिटी बदलली की त्याच सभेत तोही बदलायचा. दर तिमाहीला पूर्ण शीट उतरवून ओडीएस या खुल्या प्रकारच्या शीट फाइलमध्ये ठेवू. ती लिब्रेऑफिस या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये पैसे न भरता उघडते. पण रोजचं काम एकाच प्रतीवर, यावर मी ठाम आहे. दोन प्रतींमुळे आमच्याकडे शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासे झालेत.

जुना_हिशेबनीस
हे लेखी आलं तर मी हात वर करेन. अजून एक अट : लिंक मिळेल त्याला शीट उघडेल अशी सोय नको, आणि थकबाकीच्या शीटमध्ये सभासदांचे फोन नंबर तर अजिबात नकोत.