मदत हवी आहे: टेंट झाडीच्या वर टाकायचा की खाली?

गडवेडा_सातारा
मंडळी, जरा लवकर सांगा, उद्या पुण्याला सामान घ्यायला चाललोय. वर झाडी संपली की मोठं गवताळ पठार लागतं म्हणे. टेंट त्या मोकळ्यावर टाकायचा की झाडीत? यूट्यूबवर एक जण वर टाकतो, दुसरा म्हणतो वर अजिबात नको. गाईड-पोर्टर नाही, सॅक आपल्याच पाठीवर. गॅसचं पण सांगा.

कृष्णाकाठचा
कुठे चाललाय? महिना कोणता? किती जण? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

गडवेडा_सातारा
उत्तराखंड, हर की दून. दिवाळीच्या सुट्टीत. बाकी तयारी झालीय, प्रश्न फक्त टेंटचा आहे.

यवतेश्वर_घाट
पाठीवर दहा किलो घेऊन रोज अजिंक्यतारा चढा. महिनाभर केलंत की हिमालयात काही अडत नाही. आमचा ग्रुप तेवढंच करतो.

कृष्णाकाठचा
घाटदादा, त्याने दम वाढतो, पायही तयार होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही. कास पठारसुद्धा १२०० मीटरच्या आसपास आहे. हर की दून सुमारे ३५०० मीटर. तिथे सातारकर आणि मुंबईकर सारखेच.

आता टेंट. त्या भागात ३३०० ते ३६०० मीटरच्या दरम्यान झाडी संपत जाते. आधी देवदार मागे पडतात, मग भोजपत्राची वाकडी झाडं, शेवटी नुसतं गवत. मोकळ्यावर वारा लागतो आणि आभाळ उघडं असल्यामुळे जमीन रात्री फार गार पडते. नदीकाठची सपाट जागा दिसायला झकास, पण रात्री गार हवा उतारावरून घसरून तिथेच साचते. सकाळी टेंटचा आउटर, म्हणजे बाहेरचं कापड, आतून ओला असतो, चेन उघडताना थेंब स्लीपिंग बॅगवर पडतात. म्हणून नदीपासून थोडं वर, झाडीच्या कडेला, वाऱ्याच्या आडोशाला टाका. वर वाळकं झाड किंवा लोंबती फांदी नाही ना, हे आधी मान वर करून बघा.

भटकी_सांगलीकर
टेंट कुठे हा प्रश्न नंतरचा आहे. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे या गवताळ पठारांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. शिवाय हर की दून गोविंद अभयारण्याच्या हद्दीत येतं. नैटवाडच्या चेकपोस्टवर परवाना करताना मुक्काम कुठे चालेल हे स्पष्ट विचारून घ्या. यूट्यूबवाल्याने टाकला म्हणून आपण टाकायचा नाही. ते गवत एकदा तुडवलं की तिथल्या छोट्या उन्हाळ्यात परत धरत नाही.

यवतेश्वर_घाट
एवढं काय ताई, एक टेंट तर आहे. कासवर शनिवार-रविवारी काय गर्दी असते बघा. कुंपण घातलं, तिकीट लावलं, तरी लोक फुलांत बसून फोटो काढतातच.

भटकी_सांगलीकर
कासवर जे झालं ते तिकडे होऊ नये म्हणूनच सांगतेय. प्रत्येक जण "एक टेंट" म्हणूनच येतो.

रानशेकोटी
गॅसच्या भानगडीत पडू नका. लाकूड फुकट आहे, शेकोटी करा, त्यावरच खिचडी.

कृष्णाकाठचा
अजिबात नको. त्या उंचीवर मनगटाएवढं झाड व्हायला कितीतरी वर्षं जातात. आणि खिचडी शिजायला वेळ लागतो हेही लक्षात घ्या, ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. लहान कुकर न्या, नाहीतर पोहे-शेवया. गॅसचा डबा रेल्वेत आणि विमानात नेता येत नाही, डेहराडूनला घ्या. नुसत्या ब्युटेनचा नको, शून्याजवळ तो पेटतच नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण मागा.

मिरजेची_डॉक्टर
बरोबर कोण आहे? वय? कुणाला काही आजार? हे अजून कुणी विचारलंच नाही.

गडवेडा_सातारा
मी आणि भाचा. तो सोळा वर्षांचा आहे. लहानपणी दमा होता, आता काही नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या, आणून ठेवल्यात, चालेल ना?

मिरजेची_डॉक्टर
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. गार, कोरड्या हवेत जुना दमा परत उठू शकतो. निघण्याआधी त्याच्या डॉक्टरांना दाखवा. पंप सॅकमध्ये नको, आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, गारठला की फवारा नीट येत नाही. डायमॉक्स मनाने सुरू करू नका, सल्फाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारतात. मुख्य म्हणजे वाटेवरच्या ओसला गावाहून एका दिवसात हर की दून गाठू नका, ती हजार मीटरची उडी होते. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नसते. मध्ये कलकत्तियाधारला थांबा. डोकं दुखून उलटी झाली तर वर चढायचं नाही. चालताना झोक जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरवायचं.

यवतेश्वर_घाट
याला डॉक्टरांशी सहमत. पोराच्या बाबतीत धोका नको.

माहुलीकर
साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, पुढे डेहराडून. दिवाळीचं आरक्षण आत्ताच बघा.

गडवेडा_सातारा
तिकिटं झालीत. कलकत्तियाधारचा मुक्काम वाढवतो आणि नैटवाडला विचारूनच पुढे जातो. भाच्यासाठी ओसलाहून एक गाईडही घेतो. डॉक्टर, शनिवारी त्याला दाखवायला नेतोय, छातीच्या डॉक्टरांना दाखवू की नेहमीच्या?

मिरजेची_डॉक्टर
छातीच्या. फुंकायची तपासणी करून घ्या आणि जुने कागद असतील तर बरोबर न्या.