केयझर्सग्राख्तवरच्या घरात पूर्वी कोण राहायचं, हे कसं शोधायचं?

उंबरठा: अ‍ॅमस्टरडॅममध्ये केयझर्सग्राख्त कालव्यावरचं घर. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर सतराव्या शतकातलं साल कोरलंय. १८६०च्या आसपासच्या रहिवासी नोंदींत आजचा घर नंबर टाकला की भलतंच कुटुंब निघतं. चुकतंय कुठे?

दप्तरी: नंबरात. आजचे नंबर १८७५चे. १८५३ ते १८७५ शहराचे ५० भाग होते. पत्ता म्हणजे भागाचं अक्षर आणि आकडा. त्याआधी, १७९६पासून, आणखी वेगळे आकडे. शहराच्या अभिलेखागारात जुने-नवे नंबर जुळवणारे तक्ते आहेत; आधी तिथून जुना नंबर काढा. शेजारच्या दोन्ही घरांचेही काढा, म्हणजे एका घराने घसरलात तर लगेच कळेल. कोपऱ्यावरच्या घराचं दार आडगल्लीत असेल तर नोंद त्या गल्लीच्या नावावर सापडते.

कडीकोयंडा: १८११च्या आधीच्या खरेदीखतांत सहसा नंबर नसतो. ‘एका बाजूला अमका, दुसऱ्या बाजूला तमका’ अशा चतुःसीमा, कधी घराच्या दगडी पाटीवरचं चित्र. म्हणून शेजाऱ्यांची खतंही काढून ताडून बघावी लागतात. खतांची साखळी मध्येच तुटली तर बहुतेक वेळा घर वारशाने गेलेलं असतं. विक्रीच नाही तर खत कुठलं? मग नोटरींच्या दप्तरात मृत्युपत्र आणि वाटणी.

आणि खतात मालक असतो, राहणारा नव्हे. भाडेकरूसाठी १७४२ची कर-नोंद बघा: वर्षाला ६०० गिल्डर (तिथलं जुनं चलन) किंवा जास्त मिळकतीची कुटुंबं, त्यांचा धंदा, नोकर, घरभाडं. गरिबांचा मात्र तिथे पत्ता नाही.

दप्तरी: विसाव्या शतकासाठी १९२४ ते १९८९ची घरपत्रकं (कुठल्या घरात कोण राहिलं त्याच्या नोंदी) पत्त्यानुसार लावलेली आहेत, सोपं काम. १८९३ ते १९३९ची कुटुंबपत्रकं मात्र कुटुंबप्रमुखाच्या नावाने लावलेली; हाती नुसता पत्ता असेल तर १९२४च्या मागे अडकाल. घरपत्रकातलं सगळ्यात जुनं नाव धरून मागे जा.

कडीकोयंडा: त्या कोरीव सालावर फार विसंबू नका. ते नुसत्या दर्शनी भिंतीचंही असू शकतं. मागची भिंत आणि तुळया त्याहून जुन्या निघतात. कास्पार फिलिप्स या चित्रकाराने १७६८ ते १७७१मध्ये हेरेनग्राख्त (शेजारचा कालवा) आणि केयझर्सग्राख्तच्या घरांचे दर्शनी भाग ओळीने रेखाटलेत. तुमचं घर त्यात शोधा. तिथे माथा वेगळा दिसला, तर आत्ताचा नंतर चढवलेला.