पतसंस्थेची सभासद यादी: एक्सेल आणि पीजीॲडमिन बरं, की थेट पीएसक्यूएल?

खानापूरकर: आपल्याकडच्या याद्या ठाऊकच आहेत. नावं काही मराठीत, काही कन्नडात, शेजारी सर्व्हे नंबर. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढवायला माझं मत पीएसक्यूएल या त्याच्या कमांड लाइन प्रोग्रामातल्या ‘बॅकस्लॅश कॉपी’ या आज्ञेला. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल), हेडर (पहिली ओळ कॉलमच्या नावांची), एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ एवढं लिहिलं की झालं. आज्ञा मात्र एकाच ओळीत, मध्ये एंटर नको. नुसती ‘कॉपी’ वापराल तर ती फाइल सर्व्हरच्या डिस्कवर शोधते, तुमच्या लॅपटॉपवर नाही. निम्मी रडारड तिथंच असते.

निपाणीवाला: पटत नाही बघा. यादी क्लार्क एक्सेलमध्येच दुरुस्त करणार. त्याला काळ्या खिडकीपुढं बसवून काय साधणार? पीजीॲडमिन या पोस्टग्रेसच्या खिडक्या-बटणांच्या प्रोग्रामात इम्पोर्टचं बटण आहे की.

खानापूरकर: ते बटण पोटात पीएसक्यूएलची बॅकस्लॅश कॉपीच चालवतं, साहेब! बटणाशी भांडण नाही, एक्सेलशी आहे. सीएसव्ही नुसती डबल-क्लिकनं उघडून सेव्ह केली, तरी १२/३ हा सर्व्हे नंबर तारीख होऊन बसतो. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकच नीट धरतं.

टिळकवाडी: कमांड लाइन आली म्हणजे धोका टळला असंही नाही. विंडोजवर क्लायंट एन्कोडिंग (आपल्या बाजूचं) विन-१२५२, म्हणजे देवनागरी नसलेलं जुनं विंडोज एन्कोडिंग, राहिलं आणि आज्ञेत यूटीएफ-८ लिहायचं विसरलं, तर ‘पाटील’ विनातक्रार आत जातो, कचरा होऊन. ‘चव्हाण’ मात्र अडतो. त्यातल्या ‘व्’च्या हलन्ताचा यूटीएफ-८ मधला तिसरा बाइट ८डी, आणि विन-१२५२ मध्ये त्या जागी अक्षरच नाही. म्हणजे चाचणीच्या दहा ओळींत सगळे पाटील आले तर चाचणी पास!

निपाणीवाला: हेच म्हणतोय. वर एक ओळ चुकली की अख्खी यादी परत.

टिळकवाडी: परत येते तेच बरं, अर्धवट चढलेली यादी कोण निस्तरणार? चुकीच्या ओळीचा नंबरही एररमध्ये मिळतो. आवृत्ती १७ पासून ‘ऑन एरर इग्नोर’ आहे, पण ते फक्त कॉलमचा टाइप (आकडा, तारीख वगैरे) न जुळणाऱ्या ओळी वगळतं. कॉलम कमी-जास्त असेल तर काम थांबतंच. त्यापेक्षा सगळे कॉलम टेक्स्ट असलेलं कच्चं टेबल करा, त्यात चढवा, तिथं तपासा, मग मूळ टेबलात घाला. डेटस्टाइल, म्हणजे तारीख वाचायचा क्रम, आधी डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) करा. एमडीवाय (महिना आधी) असेल तर १३/०४ वर एरर येतो, पण ०३/०४ हा ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि कुणाला कळतही नाही.

खानापूरकर: आणि सभासद क्रमांक फाइलमधूनच आले असतील तर शेवटी सेट-व्हॅल चालवून सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजक) पुढं न्या. नाहीतर पुढचा नवा सभासद घालताना ‘डुप्लिकेट की’, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आल्याचा एरर.

निपाणीवाला: कच्च्या टेबलाचं मान्य. पण एक्सपोर्ट केलेली फाइल क्लार्क एक्सेलमध्येच उघडणार, आणि पीएसक्यूएल बीओएम (फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला सांगणारी सुरुवातीची खूण) लिहीत नाही, त्यामुळं देवनागरीचा चिखल दिसतो. त्याला डबल-क्लिक करू देऊ नका. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’, ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडून, सर्व्हे नंबरचा कॉलम टेक्स्ट. एवढं तरी मान्य करा.

खानापूरकर: एवढं मान्य. खाते क्रमांकाचा कॉलमही टेक्स्टच.