केरळ बॅकवॉटर: सासूबाई सोबत, बजेट पन्नास हजार. हाउसबोट घ्यावी का?

सेक्टर_आठ (ऐरोली): नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं (नवरा, मी, चौथीतला मुलगा, सासूबाई) केरळला जायचं म्हणतोय. फक्त अलेप्पी आणि कुमारकोम. मुन्नार नको, घाटात सासूबाईंना उलट्या होतात. शिवाय त्यांचे गुडघे दुखतात. जाऊन येऊन पन्नास हजार, त्यावर एक रुपया नाही. हाउसबोटीत रात्र काढावी की दिवसाची फेरी पुरे?

घोडबंदरवासी: आम्ही मुन्नार-ठेकडी-अलेप्पी केलं. विमान, रिसॉर्ट, दारात गाडी. सव्वादोन लाख गेले पण वसूल! मुन्नार अजिबात सोडू नका.

सेक्टर_आठ: दादा, मुन्नार नको असं वरच लिहिलंय. बजेटही.

नौपाड्याचे_काका: नेत्रावती एक्सप्रेस. ठाण्याला थांबते, पनवेललाही, आणि थेट अलेप्पीला उतरवते. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, १२० दिवसांचा जमाना २०२४ मध्ये गेला. तारीख उघडेल त्या सकाळी आठला बसा, नाहीतर वेटिंगवर लटकाल. सासूबाईंसाठी लोअर बर्थ मागा.

मुसाफिर_वाशी: हाउसबोट म्हणजे निव्वळ लूट. आमची संध्याकाळी साडेपाचला काठाला बांधून ठेवली, सकाळी आठपर्यंत हलली नाही. एसी रात्री नऊनंतर. एवढे पैसे एका जागी उभं राहायला?

खाडीकाठची: साडेपाचनंतर बोटी थांबवतात कारण रात्री मच्छीमार जाळी लावतात. हा तिथला नियमच आहे, तुमच्यावर खास राग नव्हता. आणि एसी चोवीस तास की फक्त रात्री, हे बुक करतानाच विचारायचं असतं.

मुसाफिर_वाशी: एजंटाने सांगायला नको?

पापलेटप्रेमी: करीमीन खा, केळीच्या पानात भाजलेला. बाकी सगळं दुय्यम.

नौपाड्याचे_काका: काटे फार. आपलं पापलेट ते पापलेट.

पापलेटप्रेमी: काका, काट्यांना घाबरणाऱ्याने मासे खाऊच नयेत.

मालवणी_मुलुंडात: केरळ कशाला? तारकर्लीला या. कर्ली नदीची खाडी, माड, हाउसबोट, सगळं आहे. भाषेचा प्रश्न नाही, खोबरेल तेलातली भाजीही नाही.

खाडीकाठची: तारकर्ली छानच, पण वेंबनाडची सर नाही. आपल्या देशातलं सर्वांत लांब सरोवर आहे ते. त्याला लागूनच्या कुट्टनाडमध्ये तर भातशेती समुद्रसपाटीच्या खाली, बांधाच्या कडेने बोट जाते आणि शेत तुमच्या पायांखाली दिसतं. मुलाला हे नक्की दाखवा.

अवघड, पण कामाचं आणखी एक सांगते: अलेप्पी-कोट्टायम सरकारी बोट पकडा. साधारण अडीच तास, तिकीट वडापावच्या हिशोबातलं, आणि शाळकरी मुलं, भाजीवाल्या बायका सगळे बरोबर. पण चढता-उतरताना धक्क्यावर घाई असते, गुडघेवाल्यांनी जपून. त्यांच्यासाठी छपराची शिकारा बरी, तासावर मिळते. अरुंद कालव्यांत हाउसबोट शिरतच नाही, खरी मजा तिथेच.

घोडबंदरवासी: शिकारा म्हणजे काश्मीर ना?

खाडीकाठची: केरळातही तेच नाव चालतं.

मुसाफिर_वाशी: पुन्हा सांगतो, रात्र नको. फेरी करा, हॉटेलात झोपा.

मालवणी_मुलुंडात: +१. आणि दिवाळीत तिकडे पाऊस असतो म्हणे.

खाडीकाठची: बरोबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे ईशान्य मोसमी पाऊस, बऱ्याचदा दुपारनंतर गडगडाटासह. फेरी सकाळी ठेवा. हाउसबोट घ्यायचीच झाली तर एकमजली घ्या, जिना टळतो, आणि अलेप्पीतल्या पुन्नमडा फिनिशिंग पॉइंटला, म्हणजे हाउसबोटींच्या धक्क्यावर, बोट आतून बघून मगच पैसे द्या.

सेक्टर_आठ: सगळ्यांचे आभार. शिकारा आणि होमस्टे असं ठरत आलं होतं. काल सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बोटीत झोपायचं नसेल तर मी ऐरोलीतच बरी, खाडी इथेही आहे." त्यामुळे एक रात्र हाउसबोट, एकमजली, एसी फक्त रात्री. गाडी नेत्रावती, स्लीपर. हिशोब त्रेपन्नावर गेलाय, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

मुसाफिर_वाशी: साडेपाच लक्षात ठेवा.

नवीन_पनवेल_०७: आम्ही डिसेंबरात जातोय, मुन्नारला स्वेटर लागतो का? वेगळा धागा काढत नाही.