टॅबलेटवर पीडीएफ दर वेळी चुकीच्या अ‍ॅपमध्ये उघडते

फोंडा: जत्रेच्या नाटकाच्या संहिता मंडळाच्या अँड्रॉइड टॅबवर ठेवल्या आहेत. कुणीतरी 'नेहमी' दाबलं, आता प्रत्येक पीडीएफ जाहिरातींच्या एका रीडरमध्ये उघडते. 'डीफॉल्ट अ‍ॅप्स'मध्ये पीडीएफचा पर्यायच नाही. शिवाय दोन जुन्या वर्ड फायली अगम्य दिसतात.

म्हापसा: तिथे मिळणारच नाही, त्या यादीत ब्राउझर, फोन, मेसेज असलंच असतं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मग तो नको असलेला रीडर, त्यात 'डीफॉल्टनुसार उघडा' आणि तिथली प्राधान्यं पुसा. आता फाइल्स अ‍ॅपमधून पीडीएफ उघडा, हवं ते अ‍ॅप निवडा, 'नेहमी' दाबा. व्हॉट्सअ‍ॅपमधून परत विचारलं तर तिथेही तेच करा. रीडर कामाचा नसेल तर सरळ काढून टाका, पण आधी त्यात साठवलेल्या फायली बाहेर घ्या. 'अँड्रॉइड/डेटा'मधलं त्याचं फोल्डर अ‍ॅपबरोबरच जातं.

डिचोली: वर्ड फायलींचा दोष अ‍ॅपचा नव्हे. त्या बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फाँट टॅबवर नाही म्हणून अक्षरांचा काला होतो. ज्या संगणकावर नीट दिसतात, तिथूनच पीडीएफ करा, फाँट आत बसतो. मजकूर बदलायचा असेल तर मात्र युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागेल, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

फोंडा: प्राधान्यं पुसल्यावर काम झालं. देव बरें करूं.