फ्रीमनवर अन्याय? पूर्ण पटत नाही

काहीजण म्हणतात की ३७७६ प्रथम श्रेणी बळी घेणाऱ्या टिच फ्रीमन या इंग्लंडच्या लेगस्पिनरला फक्त १२ कसोट्या देणं हा उघड अन्याय होता. अर्धंच पटलं.

१९२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याला दोन कसोट्या मिळाल्या, बळी ८, आणि तेही भलतेच महाग. कडक खेळपट्टीवर पायांचा वापर करणाऱ्यांनी त्याला मोकळेपणी खेळून काढलं. १९२८ च्या हंगामात ३०४ बळी (हा विक्रम आता कोण मोडणार!) घेऊन तो पुन्हा तिकडे गेला, तर एकाही कसोटीत घेतलं नाही. इथवर निवड समितीला फार दोष देता येत नाही.

पण १९२९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लीड्सला १० आणि मँचेस्टरला १२ बळी घेतल्यावरही मायदेशात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला एकदाही खेळवलं नाही, हे मात्र खटकतं.

त्याची खरी मजा केंट या इंग्लिश काउंटी संघाकडून खेळताना. जेमतेम पाच फूट दोन इंचांचा माणूस, लेगब्रेकला (लेगकडून ऑफकडे वळणाऱ्या चेंडूला) उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढायचा, आणि मागे यष्टिरक्षक लेस एम्स बेल्स उडवायला टपलेला. १९३२ मध्ये एम्सने ६४ यष्टिचीत केले, त्यातले बहुतेक फ्रीमनच्याच चेंडूंवर. या जोडीचं श्रेय वेगळं कसं काढणार?

१९३६ मध्ये सलग सतराव्या हंगामात त्याने शंभर बळी घेतले, तरीही केंटने त्याचा करार वाढवला नाही. व्यावसायिक खेळाडू म्हणजे शेवटी पगारी नोकरच. गड्याने निवृत्तीनंतर घराला नाव दिलं 'डनबोलिन' (इंग्रजीत 'डन बोलिंग'), म्हणजे झाली बुवा गोलंदाजी!