प्रतिसाद: कासवमित्रांना हंगामाचं मानधन हवं

वर एकांनी विचारलंय, की गावाला पर्यावरणाचा पुरस्कार देऊन नेमकं काय साधतं? मला वेळास आठवलं, मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणविसांचं गाव. तिथे पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास काढून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संवर्धन सुरू केलं, पुढे कासव महोत्सव आला, पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येऊ लागले.

मी गेले तेव्हा पहाटे एका कासवमित्रासोबत, म्हणजे कासवांची अंडी राखणाऱ्या गावकऱ्यासोबत, किनाऱ्यावर फिरले. वाळूत मादीच्या येण्याजाण्याची खूण दिसली, की तो वाकायचा, काठी हळूच खुपसून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघायचा. मग हातानेच उकरून एकेक अंडं बाहेर. एका घरट्यात शंभरेक तरी असतात! किनाऱ्यावरच्या सुरक्षित कुंपणात तितक्याच खोलीचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची. पिल्लं यायला साधारण पन्नास दिवस.

सकाळी आधीच्या एका खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली उचलली आणि खाली पिल्लं वळवळताना दिसली, तेव्हा शेजारच्या आजींनी चक्क हात जोडले.

पर्यटक घरोघरी राहतात, जेवतात, त्यातून घरांना चार पैसे मिळतात. गावाच्या कामाची ही दखल मला पुरस्काराच्या प्रमाणपत्रापेक्षा मोठी वाटते. पण पर्यटकांना द्यायला घरी खोली नसलेल्या कासवमित्राचं काय? त्याची पहाटेची फेरी काही चुकत नाही. म्हणून माझं म्हणणं, पुरस्काराची रक्कम गावाला देताना त्यातून या माणसांचं हंगामातलं मानधन आधी बाजूला काढावं, आणि किनाऱ्यावरच्या फलकावर त्यांची नावं लिहावीत.